पंडुमाआधीची कैरी

आमच्याकडे कोणी भेटलं की "कसं आहे" विचारत नाही, "जेवली का" विचारते. सकाळी आठला विचारते, दुपारी चारला विचारते, मयतीवरून परत येतानाही विचारते. "हो" म्हटलं की विषय संपला. माझ्या पोरीला कोणी विचारलं की ती दोन्ही ओठ आत घ्यायची, दात आवळायची अन् नाकातल्या नळीकडे बोट दाखवायची. साडेतीन वर्षांची होईपर्यंत तिचं हे एकच उत्तर. मग विचारणारा माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच पोरीला उपाशी मारून राहिली आहे. तिथून माझं डोकं फिरायचं.

पोरगी जन्मली तीच आतड्याचं दुखणं घेऊन. आठव्या दिवशी नागपूरला ऑपरेशन झालं. पिळा पडलेलं आतडं कापून काढलं, उरलेलं जोडलं. उरलं ते थोडं, त्यामुळे पोटात गेलेलं अंगी लागायच्या आधीच बाहेर. मग सलाईन, मग नळी. नाकातून पोटापर्यंत जाणारी बारीक नळी, तिच्यातून मोठ्या सिरिंजनं पातळ दूध सोडायचं, दिवसातून सहा-सात वेळा. ज्या वयात पोरं माती तोंडात घालतात त्या वयात हिच्या तोंडानं फक्त नळ्या, औषधं अन् उलट्या पाहिल्या. पुढे आतडं सावरलं. डॉक्टर म्हणाले, आता तोंडानं द्यायला हरकत नाही. पण हे तोंडाला कोण सांगणार? चमचा दिसला की पोरगी पलंगाखाली. भाताचा वास आला की ओकारी. वरणाचा थेंब हाताला लागला तरी विंचू चावल्यासारखी हात झटकायची.

माझा नवरा माजरीला कोळसा खाणीत डंपर चालवतो. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, पार एटापल्लीच्या पुढे जंगलात. पोरीसाठी मी लांब रजा टाकून माजरीच्या क्वार्टरमध्ये बसली होती. घरात आम्ही चौघं. नवरा, मी, पोरगी अन् माझी सासू.

सासूबद्दल आधी सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझ्या सासूच्या हातून कोणी न जेवता गेलेलं नाही. मीटर बघायला आलेला माणूस, सिलिंडरवाला, वर्गणी मागायला आलेली पोरं, सगळे पाटावर बसले. पाहुण्यानं "बस" म्हणून ताटावर हात आडवा धरला तर ती हातावर वाढते. "पोट भरलं" याचा अर्थ तिच्या लेखी "लाजून राह्यला" एवढाच. अन् अशा बाईची एकुलती एक नात जेवत नव्हती. सासूला ते दुखणं वाटतच नव्हतं, बेइज्जती वाटायची.

तिनं काय नाही केलं. कावळा दाखवला, चिमणी दाखवली, पोलीस येते म्हणून सांगितलं. एकदा माझ्या नवऱ्यानं पाय धरले, तिनं डोकं धरलं अन् शेजारणीनं वरणभाताचा घास तोंडात कोंबला. पोरीनं तो असा उडवला की शितं पंख्याच्या पात्यावर चिकटली. आम्ही बौद्ध. सासू दर पौर्णिमेला विहारात जाते, नजर-बिजर काही मानत नाही. पण अशा दिवशी ती हळूच मीठ-मिरची पोरीवरून ओवाळून शेगडीत टाकायची. मी बघितलं तर म्हणायची, "डास मारून राह्यली."

नागपूरच्या डॉक्टरांनी त्या हिवाळ्यात आम्हाला समोर बसवलं. नाकातली नळी इतकी वर्षं ठेवणं बरं नाही, म्हणाले. पोटाला बाहेरून छोटं छिद्र पाडून तिथून नळी टाकू, बऱ्याच पोरांना टाकतो, भ्यायचं काही नाही. डॉक्टर नीट समजावून सांगत होते, चूक त्यांची नव्हतीच. पण माझ्या पोरीच्या पोटावर आधीच एक शिवण होती. तिथं आणखी एक भोक, हे ऐकून मी पोरीचा फ्रॉक पोटावरून खाली ओढून धरला. मी म्हणाली, थोडी मुदत द्या. ते म्हणाले, जूनपर्यंत. जूनमध्ये पोरगी तोंडानं खात असली तर ठीक, नाही तर ऑपरेशनची तारीख देतो. अन् त्यांनी आम्हाला कोपऱ्यातल्या एका खोलीत पाठवलं.

त्या खोलीत जमिनीवर सतरंजी होती. सतरंजीवर एक पोरगी कस्टर्डच्या पातेल्यात मनगटापर्यंत हात घालून बसली होती. मला वाटलं पेशंट आहे. ती थेरपिस्ट निघाली. आम्ही तिला पुढे खेळवाली ताई म्हणायला लागलो.

खेळवाली ताई म्हणाली, "ही हट्टी नाही. तोंड म्हणजे त्रास, एवढंच तिला माहीत आहे. आधी हाताची, नाकाची, डोळ्यांची अन्नाशी दोस्ती होऊ द्या, तोंड मागून येईल." रोज अर्धा तास अन्नाशी खेळायचं. भरवायचं नाही. तोंडाकडे टक लावून बघायचं नाही. तोंडाला काही लागलं तर शाब्बास म्हणायचं नाही. अन् मुख्य म्हणजे घरात कोणीही तिला "खा" म्हणायचं नाही.

"मंग काय म्हणायचं?" सासूनं विचारलं.

"काहीच नाही, आजी."

"अन्न समोर ठेवून काहीच नाई म्हणायचं? कुत्र्याले बी आपण यू यू म्हणतो."

परतीच्या गाडीत सासू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माही माय दुसऱ्याच्या वावरात सर्वा वेचे. कापणी झाल्यावर पडलेली एकेक लोंबी. त्याचा भात आम्ही सात जण खात होतो. अन् आता मी अन्नाशी खेळू?" मी तिच्या मांडीवर हात ठेवला, तिनं तो झटकला.

पण दुसऱ्या दिवशी ताडपत्री तिनंच अंथरली. पहिल्या दिवशी कणीक. पोरगी दोन हात लांब बसून बघत होती अन् आम्ही दोघी मोठाल्या बाया कणकेचे साप करून राहिलो होतो. आठ दिवसांनी तिनं चमच्यानं कणकेला टोचलं. आणखी काही दिवसांनी बोटानं. मग नवऱ्यानं वांग्याचा डंपर केला, काकडीची चाकं लावली, त्यात भात भरला. भात म्हणजे कोळसा, दह्याचं भगोनं म्हणजे खाण. खाणीतली पोरगी ती, बरोबर फसली. डंपर रिकामा करायला तिला हात दह्यात घालावाच लागला. तिचा बाप दहा वर्षं डंपर चालवतो, पण वांग्याचा डंपर मागे घेताना हॉर्न वाजवायचा राहिला म्हणून तिनं त्याला रोज झापलं. शेवयांचे केस झाले, बिटाचं कुंकू झालं, भिंत अशी रंगली की शेजारीण दारातून म्हणाली, "तुमच्या घरी काय चालून राह्यलं बाई?" सासू म्हणाली, "दवाखाना."

"खा" मात्र सुटत नव्हतं. सासूच्या तोंडून ते श्वासासारखं निघायचं. एक दिवस मी संतापली, वाटीत हळद कालवली अन् जाहीर केलं, जो कोणी "खा" म्हणेल त्याच्या नाकाला पोरगी हळद लावेल. जिच्या नाकात जन्मापासून नळी, तिला दुसऱ्याच्या नाकाला काहीतरी लावायचा हक्क मिळाला. ती इतकी खूश झाली की दिवसभर कान टवकारून फिरायची. सासूचं नाक महिनाभर हळदीच्या नवरीचं होतं. सिलिंडरवाला पिवळा झाला. तिचा बाप पिवळं नाक घेऊन ड्यूटीवर गेला अन् अख्ख्या शिफ्टला खुलासा देत बसला. सासूनं मग शब्द सोडला अन् सुस्कारा धरला. ताट समोर आलं की असा सुस्कारा टाकायची की मुडदा उठून जेवला असता. मी खेळवाल्या ताईला फोन लावून सुस्काऱ्यावरही बंदी आणवली.

मार्चपर्यंत पोरगी सगळ्याला हात लावायला लागली. वास घ्यायची. एकदा काकडीची पापी घेतली. बाहुलीला पानापानानं जेवण वाढायची, पण बाहुलीलाही कधी "खा" म्हणाली नाही. अन् तिथंच गाडी अडली. ओठांच्या आत काही जाईना. जून जवळ यायला लागला.

एका संध्याकाळी तिनं सुंदर ताट मांडलं होतं. भात, त्यावर वरणाचं तळं, काठाला पोळीचे तुकडे. सगळं मांडून ती हात पुसून उठली. माझा तोल गेला. मी ओरडली, "बस झाले तुझे नखरे. खा एकदाचं." पोरगी फळीजवळ गेली, हळदीची वाटी घेऊन आली, माझ्यासमोर उभी राहिली अन् अगदी हळू, एका बोटानं, माझ्या नाकाला हळद लावली. चिडली नव्हती, रडलीही नव्हती. नियम होता म्हणून लावली. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला अन् पोटभर रडली.

रजा संपली. पोरगी अन् सासूला घेऊन मी शाळेच्या गावी निघाली. हळदीची वाटी प्रवासात सांडेल म्हणून पोरीनं आजीच्या पदराला हळदीची पुडी बांधायला लावली. एटापल्लीकडच्या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक एकामागून एक चालले होते, बसमधल्या सगळ्यांच्या भुवया लाल. सासू म्हणाली, "माजरीत काळा धुरळा होता, इथी लाल. बाकी काही फरक नाई."

फरक होता. गाव माडिया आदिवासींचं, तीसेक घरं, शाळा दोन खोल्यांची, तिच्या मागे माझी एक खोली. शाळेत खिचडी रांधणारी बाई शेजारीच राहायची. तिनं पोरीच्या नाकातली नळी बघितली, विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली अन् सरपण फोडायला गेली. गावात कोणीच पोरीला "जेवली का" म्हटलं नाही. मला एकाएकी इतकं हलकं वाटलं की पहिले दोन दिवस मी उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होती.

आमच्या खोलीसमोर आंब्याचं झाड होतं. कैऱ्या हाताला लागतील अशा लोंबत होत्या. दुसऱ्याच दिवशी सासू काठी घेऊन तयार. खिचडीवाल्या बाईनं काठी धरली. "बाई, पंडुम नाही झाला."

तिनं सांगितलं ते असं. नवा आंबा आधी गावच्या देवाला, मग माणसाला. तो सण म्हणजे मरका पंडुम. तो होईपर्यंत गावात कोणी आंबा तोंडाला लावत नाही, कैरीसुद्धा नाही. कोणी एकट्यानं खाल्ला तर त्याचं वाईट फळ साऱ्या गावाला.

"मंग लोणचं कधी टाकायचं?" सासू म्हणाली.

"पंडुम झाल्यावर."

"तो कधी आहे?"

"भूमिया सांगेल." भूमिया म्हणजे गावाच्या देवाचं सगळं बघणारा म्हातारा.

"भूमिया कधी सांगेल?"

"ठरल्यावर."

सासूनं काठी भिंतीला टेकवली. माहेरी अर्धपोटी झोपली असेल, पण समोर असलेलं खाऊ नको असं तिला कोणी कधी म्हटलं नव्हतं. ती झाडाखाली खाट टाकून वर बघत बसायची.

त्या झाडाखाली गावची पोरं खेळायची. पडलेल्या कैऱ्यांना काड्या खोचून बैल करायची, पानावर फोडी मांडून लग्नाच्या पंगती बसवायची. माझी पोरगी दोन दिवसांत त्यांच्यात मिसळली. अन्नाशी खेळण्यात तर तिचा चांगला सराव झाला होता. एक दिवस तिनं कैरी उचलून नाकाजवळ नेली, खेळवाल्या ताईनं शिकवल्याप्रमाणे वास घ्यायला. तोच सहा-सात वर्षांच्या एका पोरीनं तिचं मनगट धरलं. "खायचं नाई."

माझी पोरगी धावत माझ्याकडे आली. "आई, ते मले म्हणते का खायचं नाई."

"हो."

"काऊन?"

"पंडुम नाही झाला."

तिनं वळून झाडाकडे बघितलं. मग म्हणाली, "मी तर खाणारच होती." साफ खोटं. पण मी वह्या तपासत बसली. एकाच गणितावर मी तीनदा बरोबरची खूण केली.

चार-पाच दिवसांनी दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी आली तर खोलीत कोणी नाही. मागच्या बाजूनं कुजबुज ऐकू आली. मी दाराआडून बघितलं. माझी सासू न्हाणीच्या दगडावर गावाकडे पाठ करून बसली होती. समोर पळसाच्या पानावर कैरीच्या फोडी, बाजूला मीठ-तिखट. अन् तिच्यासमोर उकिडवी बसून माझी पोरगी बघत होती.

"तुले नाई," सासू म्हणत होती. "तू खाऊ नको. तू खाल्लं का साऱ्या गावात सांगशीन."

"दे."

"नाई म्हटलं ना."

"थोडी."

"जाय, खेळायले जाय."

माझ्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ही बाई कोणाला न देता एक शेंगदाणा खाताना मी पाहिली नव्हती. आता कैरीवर तिचा जीव असा गेला होता की समोर कोण बसलंय, त्याचं काय दुखणं आहे, जून, डॉक्टर, काहीच तिच्या डोक्यात नव्हतं. पोरीनं बोट मीठ-तिखटात बुडवलं अन् चाटलं. डोळे घट्ट मिटले, अंग शहारलं. मग तिनं आजीच्या हातातली फोड ओढली अन् दातांनी तोडली. कर्र असा आवाज झाला. तो आवाज माझ्या पोरीच्या तोंडातून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"अवं, माही फोड," सासूनं ती हिसकून घेतली. मग तिला फोडीवर दातांची बारकी नक्षी दिसली. तिनं वर बघितलं. पोरीचे गाल हलत होते. सासूचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, अन् मला स्पष्ट दिसलं की तिच्या पोटातून "खा" हा शब्द वर येऊन राहिला आहे. तिनं पदराचा बोळा केला अन् स्वतःच्या तोंडात कोंबला. दाराआड मी दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं होतं. पोरीनं अर्धं चावून थुंकलं, अर्धं गिळलं अन् दुसऱ्या फोडीला हात घातला.

गावात मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. मी पळत गेली, खेळवाल्या ताईला फोन लावला. "ताई, तिनं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"कैरी."

"मीठ लावून?"

"मीठ-तिखट लावून."

मग ताई म्हणाली, तिखट कमी करा, पोटाकडे लक्ष ठेवा, अन् काहीही झालं तरी काही बोलू नका. एवढं नीट बोलून ती पुढे हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी टाकीला टेकून दोन्ही करत होती.

ही चोरी संध्याकाळपर्यंतही लपली नाही. "मी कैरी खाल्ली," माझ्या पोरीनं झाडाखाली उभं राहून सगळ्या पोरांना सांगितलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा असं काही सांगता येत होतं, ती कशाला थांबेल. पोरं घाबरून घरी पळाली.

सकाळी भूमिया दारात. सोबत गावचे दोन म्हातारे अन् मध्ये बोलायला खिचडीवाली बाई. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. या लोकांनी मला कधी परकी धरलं नव्हतं. यांच्या पोरांना मी सांगते, विचारल्याशिवाय दुसऱ्याचं घ्यायचं नाही, अन् माझ्याच घरानं त्यांच्या देवाच्या आधी आंबा खाल्ला होता. सासू आत पिशवी भरत होती. मला वाटलं पळून जाते. पण पिशवी टाकून ती बाहेर आली, हात जोडले, म्हणाली, "मी खाल्ली. पोरीचा दोष नाई. माह्या जिभेनं घात केला."

भूमियानं माडिया बोलीत विचारलं, किती खाल्ली? "एक," सासू म्हणाली. अन् पोरीनं किती?

"दोन घास," मी म्हणाली. माझ्या तोंडून ते अशा ऐटीत निघालं की खिचडीवाल्या बाईनं माझ्याकडे वळून बघितलं. मग तीच भूमियाला बराच वेळ काहीतरी सांगत होती. मध्ये मध्ये नळीकडे हात करत होती. भूमिया खाली बसला, पोरीच्या डोळ्यांत बघून मोडक्या मराठीत म्हणाला, "आंबट होती?"

पोरीनं मान हलवली.

निकाल असा झाला. म्हातारीनं एक कोंबडी द्यायची अन् पंडुमाच्या दिवशी देवापुढे चूक कबूल करायची. पोरीला दंड नाही, तिला समजत नाही. पण आता पंडुम होईपर्यंत दोघींनीही आंबा तोंडाला लावायचा नाही. पंडुम आठ दिवसांनी.

आठ दिवस. साडेतीन वर्षांनी उघडलेलं तोंड आठ दिवसांत परत मिटलं तर? मग जूनमध्ये भोकच. त्या दुपारी मी सासूला म्हणाली, "आई, दार लावून एक फोड देऊ का?" मास्तरीण असून म्हणाली, लाज वाटते पण म्हणाली.

"नाई," सासू म्हणाली. "एकदा चोरी झाली, पुरे झालं. पोरगी थांबते. माही नात हाय." अन् स्वतः गावभर फिरून अशी कोंबडी निवडून आणली की भूमियानं दोनदा हात लावून बघितली.

ते आठ दिवस माझी पोरगी रोज सकाळी भूमियाच्या दारात जाऊन विचारायची, "झाला का पंडुम?" तो मान हलवायचा. ती परत येऊन मीठ चाटत बसायची, मिठाला बंदी नव्हती. भुकेलं माणूस कसं दिसते ते मी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बघितलं अन् मला ते फार आवडलं.

पंडुमाच्या दिवशी सासूनं देवापुढे चूक कबूल केली, अन् देवाचं झाल्यावर पोरांना ओळीनं बसवून पानावर फोडी वाढल्या. माझी पोरगी मध्ये कुठेतरी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळेच खात होते. मी डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. इतक्या कर्र-कर्र आवाजांत तिचा कोणता ते मला ओळखू आलं नाही.

एका कैरीनं पोरगी बरी झाली असं मी म्हणणार नाही. कैरीमागून मीठ लावलेली काकडी गेली, मग दोन बोटं भात, मग ज्वारीची आंबील. नळी होतीच. पण जूनमध्ये नागपूरला जाताना मी नाक वर करून गेली. अन् डॉक्टरांच्या खोलीत पाय ठेवल्याबरोबर पोरीनं दोन्ही ओठ आत घेतले अन् दात आवळले.

डॉक्टरांनी बिस्किट पुढे केलं. दात आवळलेले. केळं मागवलं. पोरगी टेबलाखाली. वजन किंचित वाढलं होतं, पण किंचितच. "घरी खाते, डॉक्टर," मी म्हणाली.

"घरी सगळीच खातात, ताई," ते प्रेमानंच म्हणाले अन् तारखेसाठी पेन उघडलं.

माझ्या तोंडात शब्द आला होता. तोच शब्द. मी जीभ चावून धरली. बाजूला स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं. सासूनं डबा मांडीवर घेतला होता. आत कैरीच्या फोडी, पुडीत मीठ. तिनं एक फोड उचलली, मीठ लावलं अन् मचमच आवाज करत खायला सुरुवात केली.

"आजी, इथे खायला..." डॉक्टर म्हणाले.

"तुमाले नाई देत," सासू म्हणाली. मग टेबलाखाली बघून, "तुले बी नाई."

पेन थांबलं. टेबलाखालून एक हात आला. "दे."

"नाई म्हटलं ना."

"थोडी." अन् पोरीनं आजीच्या हातातली फोड ओढली. कर्र. चावली, गिळली. टेबलाखालून बाहेर येऊन दुसरी घेतली, ती पूर्ण खाल्ली. मी डॉक्टरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. डॉक्टर मात्र नियम विसरून सरळ पोरीच्या तोंडाकडे बघत होते, अन् त्यांच्या गळ्यातून आवंढा खाली गेलेला आम्हा सगळ्यांना दिसला. माणसाच्या तोंडाला पाणी सुटलेलं माझ्या पोरीला दिसलं. शेवटी आजीचीच नात ती. तिनं तिसरी फोड मिठात घोळवली अन् टेबलावरून त्यांच्यापुढे धरली.

"खा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फोड तोंडात टाकली, एक डोळा मिटला, पेनाचं टोपण लावलं. "तारीख आता नको," म्हणाले. "दिवाळीनंतर दाखवायला या." सासूनं पदर डोळ्यांना लावला.

पोरीचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं आजीचा पदर ओढला, त्याच्या टोकाला कायम बांधलेली हळदीची पुडी सोडवली, बोट ओलं करून त्यात बुडवलं.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नियम हाय," ती म्हणाली, अन् नळीच्या पट्टीच्या बाजूला, स्वतःच्याच नाकाला, हळद लावली.